दंडावरचा जांभळा

रंग घरी करायचे ठरवले तिथेच सगळं फसलं, असं मावशी नंतर म्हणायची. पण ठरवलं तेव्हा त्यात खोट काढायला कुणाला जागाच नव्हती. बाजारातल्या रंगांत काय काय घालतात देव जाणे. पोरीची कातडी नाजूक, आणि पोर आपली म्हणावी तर कागदोपत्री अजून आपली नाही. बहिणीची. बहीण जाऊन आठ महिने झाले होते, आणि बाप तर पोर पोटात असतानाच जो गेला तो गेला. म्हणून सहा वर्षांची ही मुलगी मावशीच्या घरी आली, आणि आली तीही तात्पुरती. कायमची राहणार की नाही, ते येत्या बुधवारी कोर्टात ठरायचं होतं.

घरात तिला मुंगी म्हणत. नाव मावशीच्या नवऱ्याने, काकांनी ठेवलेलं. ती पावलांचा आवाज न करता घरभर फिरायची आणि डब्यातले साखरेचे चौकोनी तुकडे कमी व्हायचे, म्हणून मुंगी. एकदा अंथरूण झटकताना उशीच्या अभ्र्यातून सोळा तुकडे खाली पडले. मावशीने ते गुपचूप होते तिथे परत ठेवले आणि स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. खाण्यासाठी नव्हतेच ते. उद्या कुठे पाठवून दिलं तर जवळ काहीतरी असावं, म्हणून होते. एवढं कळायला फार शिकावं लागत नाही.

या मुंगीने आठ महिन्यांत तोंडाने काही मागितलं नव्हतं. वाढलं की जेवायची, सांगितलं की झोपायची. आणि मागच्या आठवड्यात मावशी तिची वेणी घालत होती, तर आरशात बघत हळूच म्हणाली, "मावशी, आपल्याकडे रंगपंचमी खेळतात? आई खेळायची." आता यावर नाही म्हणेल ती मावशी कसली.

मावशी बेकरीत केकवर नक्षी काढायची. गुलाब, पानं, झालरी. हात असा की गिऱ्हाइकाला केक कापायचं जिवावर यावं. खाण्याच्या रंगांच्या इवल्याशा डब्या तिच्या हाताशीच असत. मधासारखा घट्ट रंग, टाचणीच्या टोकाएवढा घेतला तरी वाडगंभर क्रीम रंगवतो. जे पोटात चालतं ते अंगावर का चालू नये, असा तिचा साधा विचार. तिने मक्याच्या पिठात रंग कालवले, ताटांत पसरून वाळवले, चाळणीतून चाळले. लाल, पिवळा, हिरवा, आणि मुंगीला आवडतो म्हणून जांभळा सगळ्यांत जास्त. काकांनी चिमूटभर हिरवा जिभेवर ठेवला आणि "मीठ कमी आहे" म्हणून कामावर गेले.

एक गोष्ट तिच्या लक्षात आली नाही, आणि ती नेमकी तिच्याच लक्षात येण्यासारखी नव्हती. हा रंग ओला झाला की कातडीत मुरतो आणि दोनतीन दिवस जागचा हलत नाही. पंधरा वर्षं बेकरीत काढलेल्या बाईची बोटं बारा महिने कुठल्या ना कुठल्या रंगाची असतात. तिला ते डाग दिसायचेच बंद झालेले असतात. दुसऱ्या कुणीही आधी विचारलं असतं, हे जातं ना? तिने नाही विचारलं.

शनिवारी सकाळी गॅलरीत जुन्या चादरी अंथरल्या, दोन बादल्या भरल्या आणि पोरांना सोडून दिलं. काका लिफ्ट दुरुस्त करायचे, कुठेतरी कुणीतरी सातव्या मजल्यावर अडकलं होतं, तेव्हा सुट्टी असून ते घरी नव्हते. मावशीचा मुलगा ढब्बू नऊ वर्षांचा. त्याने पहिल्या पाच मिनिटांत हिरवं ताट डोक्यावर उपडं केलं आणि वर तांब्याभर पाणी ओतून घेतलं. मुंगी आधी भिंतीला चिकटून उभी राहिली. अंगात ढब्बूचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट. मग तिने जांभळ्यात हात बुडवला, मावशीच्या पाठीला पुसला आणि हसली. खदखदून, पोट धरून. त्या हसण्यात मावशीला बहिणीचा आवाज ऐकू आला आणि तिने तो हात पाठीवर तसाच राहू दिला.

दीड वाजता फोन वाजला. फाइलवाल्या बाई.

बालकल्याण कार्यालयाच्या या बाई महिन्यातून एकदा यायच्या. काखेत कायम एक निळी फाइल, म्हणून घरातलं त्यांचं नाव फाइलवाल्या बाई. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या पेनाच्या टोकावर या घराचा जीव टांगलेला होता, त्याला त्या तरी काय करणार. "मी मंगळवारी येणार होते," त्या म्हणाल्या, "पण अहवाल सोमवारीच द्यायचाय. आज चारला आले तर चालेल?"

"या ना, कधीही या," मावशी म्हणाली. फोन ठेवला आणि तिने समोर पाहिलं. समोर एक हिरवा मुलगा आणि एक जांभळी मुलगी.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, सण आहे, पोरं रंगलीत, समजतील की बाई. समजतीलही. पण ज्यांच्या घरात फाइल येते त्यांना असं समजून चालत नाही. मागच्या भेटीत न्हाणीघरातली फिनाइलची बरणी उंचावर नव्हती एवढ्यावरून बाईंनी अर्धं पान लिहिलं होतं. मावशीने तेव्हाच कानाला खडा लावला होता, आणि तेव्हापासून घरातली प्रत्येक गोष्ट ती आधी बाईंच्या डोळ्यांनी बघायची आणि मग आपल्या.

आधी ढब्बूला धरलं. साबण झाला, तेल झालं, लिंबू झालं, काकांच्या दाढीचा फेसही झाला. ढब्बू गर्द हिरव्याचा पोपटी झाला आणि तिथेच थांबला. "आई, कान तुटेल," तो म्हणाला.

"तुटू दे. शिवू."

तिने काकांना फोन लावला. ते लिफ्टच्या खड्ड्यात होते, आवाज विहिरीतून यावा तसा आला. "अगं, रंगच आहे ना? मग रंग आहे म्हणून सांग. तू ना, उगीच पराचा कावळा करतेस." त्यांचं काय जातंय बोलायला. तिने फोन ठेवला आणि मुंगीला न्हाणीघरात घेतलं.

मुंगी एरवी आंघोळ आपली आपण करायची, दार लोटून. आज मावशीने तिचा चिंब शर्ट काढला. बाहीतून झिरपलेला जांभळा दोन्ही हातांवर पसरला होता. मावशी तेलाच्या कापसाने पुसत गेली. मनगट फिकं झालं, कोपर फिकं झालं. डाव्या दंडाशी आली तशी मुंगी चटकन आक्रसली. "तिथे नको."

मावशीने नीट पाहिलं. दंडावर बाहेरच्या बाजूने चार लांबट डाग. जांभळेच, पण कडेला पिवळसर. पुसले तरी तसेच. हात वळवून आतली बाजू बघितली, तिथे पाचवा. तिने आपली बोटं त्या चार डागांवर नुसती टेकवली. अंगठा आपसूक पाचव्यावर गेला. अगदी बरोबर बसला.

 बादलीच्या काठाला धरून ती खाली बसली.

गुरुवारची गोष्ट. शाळा सुटल्यावर रस्ता ओलांडायला दोघी कडेला उभ्या होत्या. मावशीच्या हातात मुंगीचा हात होता. तेवढ्यात बेकरीतून फोन आला, तीन मजली केकवर गुलाब पांढरे की गुलाबी. आणि फोन काढायला तिने तो हात सोडला. किती वेळ? एक श्वास. पलीकडे फुगेवाला होता. मुंगी एक पाऊल पुढे गेली, दुसरं टाकलं, आणि सामानाची गाडी वळणावरून आली. मावशीने मिळेल तिथे धरलं आणि मागे ओढलं. गाडीचा वारा दोघींच्या तोंडाला लागला. मुंगीला दुखलं का, हे विचारायचंही तिला सुचलं नाही. घरी येऊन तिने कुणाला काही सांगितलं नाही, काकांनासुद्धा नाही. सांगितलं असतं तर पहिला प्रश्न तोच आला असता, तुझं लक्ष कुठे होतं.

आणि आता चारला बाई येणार. सहा वर्षांच्या मुलीच्या दंडावर मोठ्या माणसाची पाच बोटं उमटलेली. हे दुसऱ्या कुणाच्या घरात दिसलं असतं तर मावशीने स्वतः काय म्हटलं असतं, ते तिला चांगलं ठाऊक होतं.

मग तिने जे केलं ते केलं. जाऊन जांभळ्याची डबी आणली, घट्ट रंग बोटावर घेतला आणि त्या डागांवर गोल गोल लावला. आजूबाजूला आणखी चार ठिपके दिले, नक्षी वाटावी म्हणून. हात सरावाचा, एका मिनिटात झालं.

"मुंगे, कुणी विचारलं हे काय, तर काय सांगायचं?"

मुंगीने दंडाकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं. "रंग आहे."

"शहाणी माझी."

का, असं मुंगीने विचारलं नाही. ढब्बूने दहा प्रश्न विचारले असते. मुंगीचं न विचारणं मावशीला खटकलं, पण साडेतीन वाजले होते आणि गॅलरीतल्या चादरी अजून तशाच होत्या.

बाई चारला दोन मिनिटं असताना आल्या. अंगात फिकट, जवळजवळ पांढरा शर्ट. मावशीने उसनं अवसान आणून चहा ठेवला. कपबशीचा आवाज होतो म्हणून बशी आधी टेबलावर आणि मग कप, असं दोन हातांनी नेऊन दिलं. बाईंनी मुलांची खोली बघितली, शाळेची वही बघितली, न्हाणीघरातली बरणी उंचावर आहे ते बघितलं. मग समोर येऊन उभ्या राहिलेल्या पोपटी मुलाकडे बघून त्यांना हसू आवरेना.

"हे तीन दिवस जाणार नाही," ढब्बूने अभिमानाने सांगितलं. "मी सोमवारी शाळेत असाच जाणार. आईने माझा कान तोडला."

"ढब्बू," मावशी म्हणाली.

"जवळजवळ."

बाई हसतच होत्या. त्यांनी मुंगीला जवळ बोलावलं. स्वच्छ फ्रॉक, लहान बाह्या, वेणी अजून ओली. मजा आली का, काय काय खेळलात, असं विचारता विचारता त्यांची नजर डाव्या दंडावर थांबली. मावशी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. चौकट होती म्हणून बरं.

"आणि हे गं काय?"

"रंग आहे," मुंगी म्हणाली.

"असा गोल गोल?"

"फुलं आहेत ती. मावशी केकवर काढते ना, तशी. मीच काढली बोटांनी." आणि ती हसली. गॅलरीतलं हसू नव्हे. दात दाखवायला सांगितल्यावर मुलं दाखवतात तसं.

"अरे वा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेन उघडलं.

मावशीचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण ती त्या फुलांवरच अडकली. फुलांचं तिने शिकवलं नव्हतं. ते पोरीने स्वतःहून जोडलं होतं, एका दमात, डोळ्याची पापणी न लववता. म्हणजे या घरात राहायचं तर असं बोलावं लागतं, हे तिने ओळखलं होतं. आणि साखरेच्या तुकड्यांसारखं तेही आता ती उशीत जपून ठेवणार होती. उद्या शाळेत, रस्त्यात, कुठेही कुणी खरंच हात उगारला आणि कुणी विचारलं, हे काय, तर ही सांगणार, रंग आहे. आणि हे शिकवणारी कोण, तर सख्खी मावशी.

"ती फुलं नाहीत," मावशी म्हणाली.

आवाज इतका बारीक आला की बाईंना ऐकूच गेला नाही. तिने पुढे येऊन मुंगीच्या शेजारी गुडघे टेकले. "बाई, ती फुलं नाहीत. माझी बोटं आहेत." आणि तिने आपला हात त्या दंडावर ठेवून दाखवला, पाचही बोटं जागच्या जागी.

बाईंचं हसू मावळलं. पेन बंद झालं.

मावशीने सगळं सांगितलं. गुलाब पांढरे की गुलाबी, सोडलेला हात, फुगेवाला, गाडी. तिने मध्ये कुठे स्वतःला झाकलं नाही. झाकायला आता उरलंच काय होतं. "वर रंग मी लावला. रंग आहे असं सांग, हेही मीच शिकवलं. पोर खोटारडी नाही. तिचं असं लिहू नका."

बाईंनी फाइल मिटली. मग उठल्या. "मला हिच्याशी एकटीशी बोलावं लागेल." आणि मुंगीला घेऊन त्या आतल्या खोलीत गेल्या. मुंगीने दुसऱ्या हाताने तो अजून ओल्या रंगाचा दंड दाबून धरला होता. जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही. दार लागलं.

मावशी बाहेर बसली. चहावर साय धरली. ढब्बू येऊन तिच्या शेजारी टेकला आणि म्हणाला, "आई, मी कानाचं बोललो म्हणून का?"

"नाही रे राजा."

"मग मुंगीला नेणार?"

 तिने त्याचा पोपटी कान कुरवाळला. आत आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. उशीतले तुकडे बरोबर न्यायला देतील की नाही, असला वेडा विचार तिच्या मनात आला, आणि तो आला याचाच तिला राग आला.

दार उघडलं तेव्हा घड्याळात वीस मिनिटं झाली होती. बाई आधी आल्या. त्यांच्या पांढऱ्या बाहीवर, दंडाच्या जागी, पाच जांभळी बोटं होती. बारकी, मुंगीची.

"मी म्हटलं, मावशीने कसं धरलं ते दाखव," बाई म्हणाल्या. "तर असं धरलं. चांगलाच जोर आहे पोरीला." त्या खुर्चीवर बसल्या. "मग म्हणाली, गाडी गेली आणि मावशी रस्त्यातच खाली बसली आणि रडायला लागली. मी नाही रडले, म्हणते. मीच तिला हात देऊन उठवलं. हे खरं का?"

मावशीने होकारार्थी मान हलवली. उठवल्याचं ती विसरूनच गेली होती.

"हे सगळं मला लिहावं लागेल. शिकवलंत तेसुद्धा. सोमवारी हिला डॉक्टरांकडे घेऊन या, ते बघतील आणि त्यांचं त्यांचं लिहितील. बुधवारी काय होईल ते माझ्या हातात नाही, आणि मी खोटी आशा दाखवत नाही."

"लिहा," मावशी म्हणाली.

"तुम्ही स्वतः सांगितलंत, तेही लिहीन." बाईंनी फाइल काखेत मारली. दाराशी गेल्यावर त्यांनी बाहीकडे पाहिलं. "हे जातं ना?"

"कापडावरून नाही जात हो. मी शर्टाचे पैसे भरून देते तुम्हाला."

"राहू द्या," बाई म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

मावशी दार लावून तिथेच उभी राहिली. मागे वळायचा धीर होईना. वळली तेव्हा मुंगी आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी होती, जांभळा हात फ्रॉकला लागू नये म्हणून लांब धरून.

"तू का सांगितलंस?" मुंगीने विचारलं. आठ महिन्यांत तिने विचारलेला हा पहिला का.

"तुला खोटं बोलायला लावलं ना मी. ते वाईट होतं. चुकलं माझं."

मुंगीने जरा विचार केला. "आता पाठवतील मला?"

नाही गं, असं कसं पाठवतील, हे शब्द मावशीच्या जिभेवर अगदी तयार होते. तिने ते गिळले. "मला माहीत नाही, मुंगे. आम्ही पाठवणार नाही. पण ते ठरवणार आहेत."

मुंगी चालत तिच्यापाशी आली आणि तिने तो जांभळा हात पुढे केला. मावशीने तो घेतला, बोटांच्या टोकांनी, काच धरावी तसा. दंडाच्या वाटेला जायची तर तिची हिंमतच नव्हती.

"असा नको," मुंगी म्हणाली. "जोरात धर."

मावशीने धरला. आधी भीतभीत, मग नीट, पूर्ण मुठीत. थोड्या वेळाने ढब्बूने भूक लागली म्हणून आतून हाक मारली, दोनदा मारली. तिने ओ दिली, पण हात सोडला नाही.